माळावरचे २६ गुंठे

गौरी-गणपतीच्या आधीचा शनिवार. सकाळची शाळा सुटली आणि मी घरी न जाता माळाच्या वाटेला लागले. मामंजी पहाटेच तिकडं गेलेत, अजून न्याहारीलाही आलेले नाहीत, असा सासूबाईंचा फोन आला होता. रात्रभर पडून पाऊस दमला होता. चाकोरीतनं तांबडं पाणी वाहत होतं, दोन्ही अंगांना भात गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि त्या हिरव्या वासात कुठंतरी शेणाचा आणि ओल्या काजऱ्याच्या पाल्याचा वास मिसळलेला. बांधावर मामंजी मिटलेली छत्री काठीसारखी टेकून उभे होते. त्यांच्यासमोर मोबाइल आडवा धरून आमच्याच गावचा एक पोरगा. पीक समीक्षेचं काम त्या हंगामात त्याला मिळालं होतं. सर्व्हे नंबरात जाऊन उभं राहायचं, फोटो काढायचा, पीक कुठलं ते निवडायचं आणि पाठवून द्यायचं. पाच-सहा वर्षांपूर्वी तो माझ्या दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"पड लिहूलालास व्हय रे?" मामंजी विचारत होते.

"पीक नाही की आजोबा. दुसरं काय लिहू?"

"इश्रांती दिल्याय यंदा जमिनीला. पड न्हवं ही."

"इश्रांती लिहायला जागा नाही ह्यात." एवढ्यात त्याला मी दिसले आणि त्याचा चेहरा सुटला. "बाई, तुम्हीच शिकवलाव की आमाला. पेरलं नसंल तर पड."

खरंच शिकवलं होतं. भूमीच्या वापराचा धडा, त्यातली जमिनीची वर्गवारी, त्यातली पड. फळ्यावर रेघ मारून लिहून दिलं होतं आणि परीक्षेला दोन गुणांना विचारलंही होतं. मोबाइलच्या पडद्यावर 'बीळु', म्हणजे पड, हा कन्नड शब्द होता आणि पोराचा अंगठा त्याच्यावर अधांतरी थांबलेला होता. मी काहीच बोलले नाही. मग त्यानंच समजुतीनं विचारलं, "गवत लिहू काय आजोबा? गवत तर लई हाय." मामंजींनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा माळाकडं बघितलं. "गवताला शेत म्हणतोस?" एवढंच म्हणाले आणि ओढ्याच्या बाजूनं निघून गेले. गावाकडं येणारी वाट ती नव्हे.

दुपारचं जेवण त्यांनी संध्याकाळी पाच वाजता केलं.

खरं सांगायचं तर ती जमीन पडच होती. एका वर्षाची नव्हे, दुसऱ्या वर्षाची. ओढ्याकाठची दीड एकर भातशेती अजून निघते, पण माळावरच्या ह्या २६ गुंठ्यांत पूर्वी रताळी व्हायची, त्याच्या आधी नाचणी, आणि मामंजींच्या लहानपणी म्हणे बटाटाही. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात आहे, शिफ्ट करून आल्यावर त्याच्या हातात विळा द्यायला सासूबाईंनाच नको वाटतं. वेल लावायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी ऐकून सासूबाई अंगणात खाली बसतात. आणि एवढं करून रताळी धरली की रानडुकरं येऊन रात्रीत सऱ्या उलथून टाकतात. सकाळी जाऊन बघावं तर कुणीतरी घाईघाईनं नांगरल्यासारखं शेत. दोन वर्षं हे सोसल्यावर माळ तसाच राहिला. कुणी ठरवून सोडला नाही. घरातलं एखादं काम 'उद्या करू' म्हणत म्हणत ज्या वाटेनं जातं, त्या वाटेनं तो गेला. पण त्याला नाव दिलं नव्हतं. नाव त्या शनिवारी पडलं आणि ते माझ्या शिकवणीतून आलं, हे मला टोचत राहिलं.

त्यात योगायोग असा की त्याच आठवड्यात मी वर्गासाठी एक तक्ता करत होते. भारत आणि चीन, दोन्ही देशांची पिकाखालची जमीन, १९५० पासून आजपर्यंत. धड्यात फक्त भारताचे आकडे असतात, पण नुसती एक रेघ बघून पोरांना काही कळत नाही. शेजारी दुसरी असली की ती उंच-बुटकी दिसायला लागते. बेंगळुरात नोकरी करणाऱ्या लेकानं आकडे काढून दिले. मी ड्रॉइंग शीटवर भारताची रेघ तांबड्या आणि चीनची हिरव्या स्केचपेननं काढायची ठरवली. जेवणं झाल्यावर सोप्यात शीट पसरून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून मी बसायची, आणि मामंजी झोपाळ्यावरून बघत नसल्यासारखं करून बघायचे.

भारताची रेघ काढायला सोपी गेली. १९५०–५१ साली निव्वळ पेरलेली जमीन ११ कोटी ८७ लाख हेक्टर. तिथून ती वीस वर्षं चढत जाते, माळ फुटतात, कुरणं नांगरली जातात, कालवे येतात. १९७०च्या आसपास ती १४ कोटींवर पोचते आणि तिथंच बसते. पन्नास वर्षं झाली, अजून तिथंच आहे. २००२–०३च्या दुष्काळात १३ कोटी २० लाखांच्या आसपास घसरली होती, परत वर आली. बाकी सपाट. मी पट्टी लावून रेघ ओढली तरी फार चूक झाली नसती. हीच जमीन वर्षातून किती वेळा पेरली ते धरलं तर मात्र आकडा १३ कोटींवरून २२ कोटींच्या आसपास गेलाय. म्हणजे जमीन वाढली नाही, तिच्या पाळ्या वाढल्या. माझी आई म्हणायची, बाईचे हात दोनच असतात, घर मोठं झालं म्हणून तिसरा फुटत नाही.

ह्या सपाट रेघेकडं मी बराच वेळ बघत बसले. वर्गात मी तिला 'स्थिर' म्हणत आले आहे. पण बेळगावात राहून कुणी तिला स्थिर कसं म्हणावं? वडगाव-शहापूर-अनगोळच्या शिवारातली काळी जमीन आठवा. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा, पाण्याचा थेंब न देता. थंडीतल्या सकाळी तिथून गेलं की वाटाण्याच्या शेंगा फोडल्याचा गोडसर वास यायचा. त्याच पट्ट्यातून हलगा–मच्छे बायपासची आखणी झाली, आणि शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या आणि जेसीबीच्या मध्ये उभे राहिले. जिथं रस्ता नाही तिथं लेआउटचे दगड. जिथं दगड नाहीत तिथं बळ्ळारी नाल्याचं तुंबलेलं पाणी आठ-आठ दिवस भातात. ही जमीन वजा होते आणि तरी देशाची रेघ सपाट राहते. ह्याचा अर्थ कुठंतरी दुसरी जमीन भरीला घातली जाते. कुठंतरी एखादा दगडाळ उतार, एखादं गायरान, एखादा बोअरवेलच्या जोरावर फोडलेला माळ. रेघेला दोन्ही सारखेच. वाटाण्याच्या ओलीचं एक हेक्टर गेलं आणि मुरमाचं एक हेक्टर आलं, तरी बेरीज तीच. मी कुणा अर्थशास्त्र्याशी वाद घालत नाही, पण ह्याला 'स्थिर' म्हणणं म्हणजे बँकेतली शिल्लक तेवढीच आहे म्हणून घरात दागिना मोडलाच नाही असं समजणं.

चीनची रेघ मात्र मला काढताच येईना.

लेकानं पाठवलेल्या आकड्यांत १९९५ साली चीनची शेतजमीन ९ कोटी ५० लाख हेक्टर होती आणि १९९६ साली १३ कोटी. एका वर्षात साडेतीन कोटी हेक्टर वाढ! आपला अख्खा महाराष्ट्र, त्याचे डोंगर, शहरं, समुद्रकिनारा धरून, तीन कोटी हेक्टरांच्या वर थोडासा आहे. तेवढं शेत एका वर्षात आलं कुठून? मला वाटलं लेकानं टायपिंगमध्ये घोळ केला. फोन केला तर तो वैतागला. "आई, आकडा बरोबर आहे. आधीचा चुकीचा होता." मी पेन्सिलनं रेघ वर नेली, पुसली, परत नेली. शीटचा तो कोपरा काळा झाला.

"काय गे, कशाला खोडूलालीस सारखं?" झोपाळा थांबला होता.

मी सांगितलं. चीनमध्ये एवढी एवढी जमीन म्हणून सरकार सांगत होतं. मग त्यांनी गावोगाव नीट मोजणी केली, बारा वर्षं ती मोजणी चालली, आणि १९९६ला निघाली त्याच्या कितीतरी जास्त.

मामंजी हसले. त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच हसले. "त्यात काय कळंना झालंय तुला? दडवली असणार की लोकांनी."

"कशासाठी?"

"सारा वाचवायला. लेव्ही वाचवायला. तुज्या चीनमदी लेव्ही नव्हती व्हय?"

होती. तिकडं सरकारला ठरावीक धान्य घालावं लागे आणि शेतसाराही होता. तो सारा २००६ साली कायमचा बंद झाला. गावचे पुढारी वर कळवताना जमीन कमी दाखवायचे, म्हणजे एकरी पीक जास्त दिसायचं आणि घालायचं धान्य कमी पडायचं. अभ्यासकांना ह्याचा सुगावा उपग्रहांची चित्रं आल्यावर नीट लागला. मामंजींना तो झोपाळ्यावर बसून पाच सेकंदांत लागला. मग त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट काढली. लेव्हीच्या काळात मळणी झाली की रात्री भाताची पोती पिंजाराच्या गंजीत घालायची. तलाठी आला की आजीनं त्याला ताक द्यायचं आणि पोरांनी गंजीवर खेळायचं नाही, अशी ताकीद असायची. एकदा मामंजींनी नेमका तिथंच लपंडाव मांडला आणि वडिलांनी तलाठ्यासमोर काही न बोलता असं बघितलं की ते अजून आठवतं. "तवा जमीन दडवायची धडपड," ते म्हणाले. "आता हाय ती दावायची धडपड." आणि झोपाळ्याला पायानं रेटा दिला.

त्या वाक्यानं माझा तक्ता दोन दिवस अडला.

आणखी एक अडचण होती, मापाची. चीनमध्ये शेत 'मू'मध्ये मोजतात. पंधरा मू म्हणजे एक हेक्टर, हे आताचं सरकारी माप. आपल्या हिशेबात एक मू म्हणजे साडेसहा गुंठ्यांच्या वर थोडं. आमचा माळ जवळजवळ ४ मू. पण पूर्वीचा मू गावागावात वेगळा असायचा. हलक्या जमिनीचा मू मोठा, कसदार जमिनीचा लहान, कारण मू हे नुसतं क्षेत्र नव्हतं, त्यातनं काय निघतं त्याचा अंदाजही त्यात होता. हे वाचलं आणि मला मामंजींच्या तोंडची जुनी भाषा आठवली. ते शेत कधी गुंठ्यात सांगायचे नाहीत. "ओढ्याकडली दोन मणाची" म्हणायचे, म्हणजे दोन मण भात पेरायला लागतं ती. आणि जमिनीचा कस सांगायचा तर आण्यात. सोळा आणे जमीन, आठ आणे जमीन. इंग्रजांच्या काळात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन अधिकाऱ्यांनी १८३५च्या सुमाराला इंदापुरात मोजणीची जी पद्धत सुरू केली आणि जी विंगेटनं पुढं आपल्या ह्या दक्षिण मराठा मुलखात आणली, तिच्यात साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एकर. त्या साखळीचेही सोळा भाग, त्यांनाही आणे म्हणायचे. लांबीही आण्यात, कसही आण्यात. कुणाला हा गोंधळ वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

माझ्या नशिबी तर दोन मापं लग्नातच आली. माहेर चंदगड तालुक्यात. १९५६ला राज्यं नव्यानं जुळवली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मागं राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्यामुळं माझी आजी आपल्या भावाच्या घरी जाताना ज्या वाटेनं जिल्हाही न ओलांडता जायची, त्याच वाटेवर मी शिनोळीला महाराष्ट्र सोडते आणि बाचीला कर्नाटकात पाऊल टाकते. दोन्हीकडं तीच तांबडी माती, तीच धूळवाफ पेरणी, उन्हाळ्यात तोच गवा काजूच्या बागेत. पण दादाच्या सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये आणि मराठीत, आमच्या उताऱ्यावर एकर-गुंठ्यात आणि कन्नडमध्ये. आर शंभर चौरस मीटरचा, गुंठा एकशे एकचा. माळाचे २६ गुंठे माहेरच्या मापानं २६ आर आणि वर थोडे. एवढाच काय तो दोन राज्यांतला फरक, असं मी एकदा गमतीनं म्हटलं तर मामंजी बराच वेळ गप्प बसले. उतारा आला की तो वाचून घ्यायला त्यांना कुणाकडं तरी जावं लागतं. स्वतःच्या शेताचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे सातबारा वाचता येणाऱ्या माझ्यासारखीला गमतीत काढता येतं, त्यांना नाही.

दादाकडचा माळही आमच्यासारखाच सुटला होता. त्यानं तिथं काजू लावले. आता तो मोबाइलवर आपली ई-पीक पाहणी आपणच भरतो, काजूचा फोटो टाकतो आणि मोकळा होतो. आपल्याकडं फळबागा पेरलेल्या जमिनीतच धरतात, म्हणून दादाचा माळ हिशेबात आहे. चीनमध्ये असता तर नसता. तिकडं बागा वेगळ्या मोजतात. त्यांच्या दुसऱ्या मोजणीत २००९ साली शेतजमीन १३ कोटी ५४ लाख हेक्टर भरली आणि तिसऱ्या मोजणीत २०१९ साली १२ कोटी ७९ लाख. दहा वर्षांत ७५ लाख हेक्टर गेले, म्हणजे आपले साडेपाच बेळगाव जिल्हे. मी आपली मनात कारखाने, हमरस्ते, उंच इमारती असं चित्र रंगवून बसले. पण त्यातला मोठा भाग झाडांखाली गेला होता. वनीकरण आणि फळबागा. म्हणजे तिकडच्या कितीतरी दादांनी आपापल्या माळावर काजू लावले, आणि सरकारच्या कागदावर तेवढं शेत नाहीसं झालं. १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टर, ह्याच्या खाली शेतजमीन जाऊ द्यायची नाही अशी त्यांनी आखून घेतलेली मर्यादा आहे, तिला ते लाल रेघच म्हणतात. त्या रेघेच्या धाकानं आता काही ठिकाणी बागा काढून परत धान्याची शेतं करतायत. दादाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "काजूला हात लावायला येऊ देत कोण येतंय ते."

मग मला सगळ्यात वरून बघायची हौस आली. २०१७ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं उपग्रहाच्या चित्रांवरून जगभरातल्या पिकाखालच्या जमिनीचा नकाशा केला, तीस मीटरचा एकेक चौकोन तपासून. त्यात भारत जगात पहिला निघाला, जवळजवळ १८ कोटी हेक्टर. अमेरिका दुसरी. चीन १६ कोटी ५२ लाख. म्हणजे आम्ही सांगतो १४, संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना लागवडीची म्हणून धरते साडेपंधराच्या घरात, आणि आकाशातून दिसतात १८. ह्यात कुणी खोटं बोलत नाही. आपण धरतो फक्त यंदा पेरलेलं. संघटना पडही धरते, पाच वर्षांच्या आत परत पेरणार असाल तर. मी ते कलम तीन वेळा वाचलं. थोड्या काळापुरतं राखलेलं गवतही त्यात बसतं. म्हणजे संघटनेच्या रोममधल्या त्या कचेरीच्या हिशेबानं आमचा माळ अजून शेत होता. मामंजींची 'इश्रांती' लिहायला तिथं जागा होती! आणि आमच्या सरकारच्या वर्गवारीत त्याला यंदाची पडही म्हणता येत नव्हतं; दुसरं वर्ष असल्यामुळं तो 'इतर पड'मध्ये गेला होता, आणि पाच वर्षं झाली की लागवडीजोगी पडीक. एकच माळ. बांधही हलला नाही.

हे मामंजींना सांगायला मी अगदी उत्साहानं गेले. त्यांना पाच वर्षांच्या कलमाचं फारसं काही वाटलं नाही. "तितनं कोण येऊलालंय बगायला," म्हणाले. त्यांचं भय वेगळं होतं, ते त्या दिवशी कळलं. कागदावर पड आली की जमीन घ्यायला सोपी जाते, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कायद्यात तसं काही नाही, मी समजावलं. भूसंपादनात सोन्यासारखं पिकणारं शेतही जातं, हे तर आपण बघतोच आहोत. ह्यानं त्यांना धीर आला असं म्हणता येणार नाही.

त्यांना रस वाटला तो भलत्याच गोष्टीत. चीन २०२४ साली ७० कोटी टन धान्याच्या पलीकडं गेला, आपण ३३ कोटी टनांच्या आसपास; आणि जमीन त्यांची कमी. हे मी सांगितलं तेव्हा लगेच पुढं जोडलं की तो हिशेबही सरळ नाही. आपण तांदूळ मोजतो, ते भात मोजतात, टरफलासकट. आणि ते धान्यात बटाटे, रताळीही धरतात, पाच किलोला एक किलो ह्या दरानं.

"रताळी?" झोपाळा परत थांबला. "धान्यात?"

"हो. जगात सगळ्यात जास्त रताळी तिकडंच होतात."

"पाचाला एक," ते पुटपुटले आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. आपल्याकडं रताळं म्हणजे उपासाचं. धान्य चालत नाही त्या दिवशी ते चालतं, म्हणून तर नवरात्रात आणि शिवरात्रीला मार्केट यार्डात त्याला भाव. तेच रताळं तिकडं सरकारच्या कोठारात भाताच्या रांगेत बसतं, हे त्यांना एकदम पटलं. चूल पेटल्यावर निखाऱ्यात भाजलेलं रताळं, साल करपून आत मध सुटलेला, आणि त्यावर सासूबाईंनी धरलेली तुपाची वाटी, हे ज्यानं खाल्लंय त्याला ते धान्यापेक्षा खालचं आहे असं कोण सांगणार? त्या माळानं तीसेक वर्षांत किती गाड्या रताळी दिली, भागिले पाच, असं त्यांचं गणित जेवणापर्यंत चाललं होतं. शेवटी काय उत्तर आलं ते त्यांनी सांगितलं नाही.

तक्ता मी कसाबसा पुरा केला. चीनच्या रेघेत १९९५ आणि १९९६ मध्ये जागा सोडली, रेघ तोडली आणि तुटलेल्या ठिकाणी बारीक अक्षरात 'मोजणी बदलली' असं लिहिलं. वर्गात एका मुलीनं विचारलं, मग भारताची रेघ अशी कुठं तोडायची नाही का? मी म्हटलं, बघू. घंटा झाली.

आता ह्या वर्षीचं. परत भाद्रपद, परत तोच पोरगा, ह्या खेपेला नवा मोबाइल. मामंजींनी आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं की शाळा सुटली की माळाकडं ये. गेले तर रस्त्याच्या बाजूच्या बांधाला लागून चार सऱ्या ओढलेल्या. बैल तर आता नाहीत, कुदळीनंच ओढल्या असणार, कधी आणि किती दिवस ते घरात कुणाला माहीत नाही. सऱ्यांवर रताळ्याचे वेल, हातभर झालेले, पानांवर पावसाचे थेंब. त्यांच्या मागं बाकीचा माळ तसाच, कंबरेएवढं गवत वाऱ्यावर लोळतंय.

मामंजी बांधावर नेमके अशा जागी उभे होते की तिथून फोटो काढला तर चार सऱ्याच आल्या असत्या. "हितं उभारायचं," त्यांनी पोराला जागा दाखवली. "हितनं चांगलं दिसतंय."

पोरगा उभा राहिला. मोबाइल वर केला, खाली केला. मागच्या गवताकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पदर खोचून खाली बसले आणि एका वेलाची माती सारखी करायला लागले.

फोटोचा आवाज आला.

"रताळी," तो म्हणाला. "बरोबर, आजोबा?"

"किती गुंठे लिवलास?"

"ह्या तुकड्याचं हाय तेवढं. २६."

मामंजींनी मान हलवली आणि छत्री उघडली. पाऊस परत सुरू झाला होता. मला म्हणाले, "चल, ह्याला चहा दे घरात," आणि गावाच्या वाटेनं आमच्या पुढं चालायला लागले.